विश्रांतीचा गृहपाठ

पहिल्या मुलाखतीत माझं जे उत्तर चुकलं, ते देताना मला फार चांगलं वाटलं होतं.

मुलाखत नॉर्वेतल्या एका प्रयोगशाळेची होती. समुद्रात पिंजरे लावून वाढवलेल्या माशांना काय खायला द्यावं, याचा तिथे अभ्यास चालतो. माझं एम.एस्सी. जैवरसायनशास्त्रात झालं आणि प्रबंध रोहू माशाच्या चरबीवर. आमच्या घरी मासा शिजत नाही. तो प्रबंध बांधून आला तेव्हा आईने स्वयंपाकघरातून हात न लावता पाहिला आणि म्हणाली, "चांगला आहे. वरती ठेव." कॉलेजातलं माझं तासिका तत्त्वावरचं शिकवणं उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपलं होतं. नागपुरात माशांच्या चरबीवर नोकरी नव्हती. ही एक होती, आणि ती मला हवी होती.

सिग्रिड नावाच्या विभागप्रमुख बाईंनी चरबीविषयी बरंच विचारलं, ते सगळं मला येत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कामाच्या मधे तुम्ही विश्रांती कशी घेता?"

"मी विश्रांती घेत नाही," मी म्हणाले. "गरज पडली तर रविवारीही येईन."

आपल्याकडे या वाक्यावर मुलाखत घेणारे मान हलवतात. सिग्रिडबाईंनी मान हलवली नाही. शेजारच्या माणसाकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेल आली. तुमचं विज्ञान आम्हाला आवडलं, पण एका गोष्टीची काळजी वाटते. गुरुवारी आमच्या जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बोलू, या वेळी सगळ्या गटाबरोबर आणि जमेल तितकं नॉर्वेजियनमध्ये. पिंजऱ्यांवरची माणसं तीच भाषा बोलतात, म्हणून ती थोडी यावी असं जाहिरातीतही होतं. मी हिवाळ्यापासून ती शिकत होते.

शिकवणारा अंकित नागपुरातच, बेसाला राहतो. काही वर्षं ओस्लोला नोकरी करून परत आला आहे आणि शनिवार-रविवार ऑनलाइन शिकवण्या घेतो. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"तू विश्रांती घेत नाही, असं म्हटलं?"

"हो."

"अन् रविवारचं पण बोलली?"

"हो."

अंकित म्हणाला, "तिथं असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल दोन शंका येतात. एक तं याले काम वेळेत जमत नाही. नाहीतर याच्या घरी काही भानगड आहे, म्हणून हा घरी जात नाही."

"आता काय करू?"

"आता विश्रांती शीक."

त्याने मला शब्द दिले. "ता एन पौसे" म्हणजे साधी सुट्टी घेणं. "स्त्रेक्के पो बैना" म्हणजे पाय मोकळे करणं. "पुस्त इ बाक्केन" म्हणजे शब्दशः चढावरचा श्वास. डोंगर चढताना मधेच थांबून घेतलेला, आणि आता ऑफिसातही घेता येणारा. "ह्योनेब्लुन" म्हणजे कोंबडीची डुलकी, अगदी छोटी. "मिद्दाग्सविल" म्हणजे मुख्य जेवणानंतर आडवं होणं. मी त्यांचं वर्गीकरण केलं: शरीर उभं की आडवं, डोळे उघडे की मिटलेले, आणि हे लोकांसमोर करता येतं की नाही. शेवटच्या मुद्द्यावर अंकित म्हणाला की तिथे सगळंच लोकांसमोर करता येतं.

"पण पाठ करून बोलशील तं ते ओळखतील," तो म्हणाला. "आधी घरी घेऊन पाहा, मग वाक्य बनव. हाच होमवर्क."

गृहपाठासाठी मी प्रथम निरीक्षण केलं. आमचं प्रताप नगरात कूलरचे पंप आणि खसच्या गवताच्या ताट्या विकायचं दुकान आहे. मे महिन्यात बाबा दुपारी शटर ओढून घरी येतात, जेवतात आणि पुढच्या खोलीत कूलरसमोर दिवाणावर पडतात. वर्षानुवर्षं ते असंच करतात. झोपतो, असं मात्र ते कधीही म्हणत नाहीत.

"झोपलो नव्हतो मी," त्या दिवशीही ते उठून म्हणाले. "डोळे मिटून विचार करून राहिलो होतो."

"तुमचा विचार घोरते का?" आई आतून म्हणाली.

मंगळवारी दुपारी मी प्रयोग केला. गॅलरीत सावली होती. तिथे खुर्ची टाकून बसले. फोन नाही, पुस्तक नाही. आई दोरीवरचे कपडे काढायला आली.

"काहून वं, बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग अशी काहून बसून राहिली?"

"नुसतीच बसली आहे, आई."

तिने माझ्या कपाळाला हात लावला. आत जाऊन थर्मामीटर आणलं आणि ते तोंडात असताना विचारलं, "त्या लोकांनी नाही म्हटलं का?" मी मानेने नाही म्हणाले. ताप नव्हता. आई जाऊन परत आली, या वेळी लसणाची टोपली घेऊन. "बसलीच आहे तं एवढा सोल."

मागून बाबा डोकावले. "रुसली का वं?"

निष्कर्ष असा निघाला की आमच्या घरात बसलेला माणूस आजारी असतो, रुसलेला असतो किंवा पाहुणा असतो.

आईही येऊन बसली आणि लसूण सोलू लागली. मी विचारलं, "तू कधी बसतेस गं?"

"आता काय उभी आहो का?" ती म्हणाली. तिची दुपार मला माझ्या वर्गीकरणात कुठेच घालता आली नाही.

गुरुवारी त्यांचा साडेअकराचा डबा म्हणजे आमचे दुपारचे तीन. नेटवर्क फक्त पुढच्या खोलीत येतं. बाबा म्हणाले, "तू बोल आरामात. मी आतल्या खोलीत बसतो. मले काही झोपायचं नाही." कूलर बंद करता येणार नव्हता, कारण बाहेर नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, सुरू झाला होता. आईने माझ्यासमोर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, चहा आणि चिवडा ठेवला.

"आई, मुलाखत आहे."

"ते खाऊन राहतील अन् तू त्यांच्या तोंडाकडे पाहत बसशील का?"

पडद्यावर पाच माणसं कागदात गुंडाळलेला पाव खात होती. चव घेऊन खात आहेत असं दिसत नव्हतं. मी नाव, गाव, रोहू हे सगळं नॉर्वेजियनमध्ये सांगितलं. हालवर नावाच्या माणसाने विचारलं, "ते कोणतं यंत्र चालू आहे?"

मी कूलर समजावला: गवताच्या ताट्या, त्यांवर पाणी आणि मधे पंखा. त्यांना तो आवडला.

"आणि दुसरं?"

दुसरा आवाज आतल्या खोलीतून येत होता. वर चढायचा, थांबायचा आणि शिटी होऊन उतरायचा. दाराआड उभ्या असलेल्या आईने कपाळाला हात लावलेला मला दिसला. पंप आहे, असं सांगता आलं असतं. आमच्या घरात पंप ही अशक्य गोष्ट नाही आणि बाबांनाही तेच उत्तर आवडलं असतं. पण मी तांत्रिक पदासाठी मुलाखत देत होते, आणि आवाजाचं उगमस्थान चुकीचं सांगणं मला जमलं नाही.

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले. "त्यांची मिद्दाग्सविल चालू आहे."

पाव खाणं थांबलं. "रोज?" सिग्रिडबाईंनी विचारलं.

"रोज."

"छान आहे हे."

"पण ते कबूल करत नाहीत."

आता सगळे हसले. एक जण म्हणाला, त्याचे आजोबाही करत नसत. "आणि तुम्ही?" सिग्रिडबाई म्हणाल्या. मी म्हणाले की मंगळवारी प्रयत्न केला होता, पण आईने ताप मोजला. हे वाक्य मला आधी बनवून ठेवावं लागलं नाही.

मग सिग्रिडबाईंनी पाव बाजूला सारला, आणि खरा प्रश्न आता येणार हे मला कळलं.

"आमच्याकडे चार वाजता सगळे घरी जातात. चार वाजले आहेत आणि तुमचा नमुना अर्धवट आहे. तुम्ही काय कराल?"

पहिल्या मुलाखतीत मी म्हणाले असते, थांबेन. अंकितने शिकवलेलं उत्तर होतं, घरी जाईन. त्या क्षणी मला दोन्ही चूक वाटली, कारण दोन्हींमध्ये नमुना कोणत्या टप्प्यावर आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

"चरबी काढून झाली असेल तर फ्रीजरमध्ये ठेवून घरी जाईन," मी म्हणाले. नॉर्वेजियन संपलं म्हणून पुढचं इंग्रजीत बोलले. "एन्झाइमची क्रिया चालू असेल तर मला थांबावं लागेल, ती माझ्यासाठी थांबणार नाही. पण मग ती सकाळी सुरू करायला हवी होती. दुपारी सुरू केली असेल तर माझं नियोजन चुकलं."

"आणि थांबलात, तर दुसऱ्या दिवशी?"

या प्रश्नाची तयारी केली नव्हती. मी चहाकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी उशिरा येईन," मी म्हणाले.

सिग्रिडबाईंनी मान हलवली. हालवरने पावाचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. सुट्टी संपली होती, ते कामाला गेले.

नेमणुकीचं पत्र पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी आलं. मी ते तीनदा वाचलं, सही केली आणि पाठवलं. लगेच उत्तर आलं, तेव्हा बाबा माझ्या मागे उभेच होते.

"काय म्हणते मॅडम?"

"त्या डोंगरातल्या घरी गेल्या आहेत. फोन बंद आहे. सोमवारी पाहतील. हे उत्तर मशीनने पाठवलं."

"डोंगरात काय आहे?" आईने विचारलं.

"काही नाही. लाकडाचं घर असतं. नळ नसतो, वीजही बरेचदा नसते."

"मग जाते काहून?"

"आराम करायला."

"भिवापूरले पाठव त्यायले," आई म्हणाली. भिवापूर तिचं माहेर. "माह्या भावाकडे दोन्ही नसते."

बाबांचं लक्ष पत्रावर होतं. "मॅडम नाही तं ऑफिसात दुसरं कोणी असंन नं?"

"तिकडे आता दुपार आहे. शुक्रवारी दुपारी कोणी नसतं, बाबा."

"मग सही पोचली का नाही, हे कोण पाहून राहिलं?"

"सोमवारपर्यंत कोणीच नाही."

बाबा दिवाणावर बसले. शनिवारी दुपारीही ते आडवे झाले नाहीत. दुपारभर ते माझ्या फोनकडे पाहत राहिले आणि मधेमधे विचारत राहिले की तिकडे आता किती वाजले. मी सांगत होते. रविवारी जेवणं झाल्यावर ते पुन्हा तसेच ताठ बसले, तेव्हा आईने कूलरमध्ये पाणी ओतलं, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "पडा नं जरा. तिकडे सगळे पडले आहेत."