ताईची कळ

आमची ताई बस चालवते. डेपोतून गाडी काढली की दुपारपर्यंत बाथरूमचं नाव नाही. रस्त्यात बाईमाणसानं थांबायचं कुठे? पाणी बेतानं प्यायचं आणि कळ काढायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. वर त्याचा तोरा! "तुझ्यासारखी घडोघडी पळत नाही मी," असं मला चारचौघांत सुनवायची.

तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर बारीक छिद्रं तेवढी, लगेच घरी सोडली. मी माझं पार्लर बंद ठेवून तिच्या दिमतीला गेले. आठवडाभर सगळं झकास. मग तिचं पोट फुगायला लागलं. घास गिळवेना, उलट्या सुरू झाल्या. दाजी म्हणाले, "गॅस धरलाय." मीही शहाणी, मान डोलावली. हॉस्पिटलातून चौकशीचा फोन आला. "लघवी नीट होते ना?" नर्सनं विचारलं.

"नेहमीसारखी," ताई म्हणाली. तिचं नेहमीचंच मुळात किती, ते त्या नर्सला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी गाऊन बदलायला गेले तर तो पोटावरून खाली सरकेना. पोट टम्म, अंग थंडगार, ओठ पांढरेफटक. मी किंचाळलेच. दाजींनी तशीच उचलून गाडीत घातली.

डॉक्टरांनी पोटात सुई घातली. पिवळं पाणी आलं. ते तपासून आणल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

"ही लघवी आहे. पोटात पसरलीय."

अहो, लघवी पोटात? त्यांनी समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी गरम हत्याराचा चटका मूत्राशयाला लागला असणार. तेव्हा दिसला नाही. भाजलेला भाग नंतर सुटला आणि भोक पडलं. आता पोट उघडून शिवायला हवं, आणि आत्ताच.

"वाचेल ना?" दाजींनी विचारलं.

"अजून उशीर केला असता तर अवघड होतं."

स्ट्रेचर आत न्यायला लागले, तशी ताईनं डॉक्टरांची बाही पकडली. "डॉक्टर, मी धरून ठेवली म्हणून फुटली का हो?"

"काय धरून ठेवलं?"

"लघवी. तुम्ही सांगितलं होतं, तुंबवू नका म्हणून. घरी माणसं भेटायला आलेली, सगळ्यांसमोर उठायची लाज वाटली. मग आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. माझ्याच हातानं वाट लावून घेतली, कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणजे हिला पहिल्यापासून कळलं होतं! आम्ही शेजारी बसून टीव्ही बघत होतो, आणि ही बया गुन्हेगारासारखी गप्प पडून होती.

"तुमची काही चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम ऑपरेशनमध्येच झाली. आमच्याकडून."

ताई नुसती त्यांच्याकडे बघत आत गेली.

वाचली हो ताई. नळी, पिशवी, टाके, सगळं निभावलं. शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्यावर ओरडायचं ठरवूनच बसले होते. अगं बये, लाजेपायी मरायला निघाली होतीस की, असं सगळं तोंडावर आलेलं. तिनंच आधी विचारलं,

"मग इतके दिवस मी मनातल्या मनात देवाकडे माफी कशाची मागत होते गं?"