माझ्या नंबरची वडी

“दहा वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या वड्या आज टाकून द्या,” मॅडम म्हणाल्या.

ऑपरेशन करून काढलेल्या गर्भपिशव्या आमच्या लॅबमध्ये तपासायला येतात. त्यांचे तुकडे मी मेणाच्या वडीत बसवते, पापुद्रे कापते, काचेवर रंगवते. मग आमच्या डॉक्टर मॅडम त्या मायक्रोस्कोपखाली बघतात. कुणाच्या पिशवीत गाठी निघतात, कुणाच्या काहीच नाही. ‘काहीच नाही’ लिहून आलं, की माझं डोकं फिरतं.

कारण अकरा वर्षांपूर्वी माझीही इथेच आली होती. तेव्हा मी बत्तीसची होते, मूलबाळ नव्हतं. सासूबाई एकट्याच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या त्या ‘गाठी आहेत, काढायचीये’ म्हणतच. रिपोर्ट म्हणे घर बदलताना हरवला. हरवला कसला! धडधाकट पिशवी काढायला लावली असणार बाईंनी. वर दर सहा महिन्यांनी ‘डॉक्टरांना नुसतं दाखवून येऊ’ म्हणून माझ्या मागे लागायचं. पुरे झालं नाटक!

इथे लागून तीन वर्षं झाली, पण माझ्या वडीचा नंबर शोधायची हिंमत झाली नव्हती. आज शोधला. वडी कापली, रंगवली आणि काच मॅडमपुढे ठेवली.

“जुनी केस आहे. ओळखीतली.”

मॅडमनी बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“अस्तरात कॅन्सर. अगदी सुरुवातीचा. वेळेत काढली म्हणून बरं. आहे का गं ती बाई?”

“आहे,” मी म्हटलं.

घरी सासूबाई कापडी पिशवी घेऊन तयार बसल्या होत्या. आज दाखवायचा दिवस होता आणि मी नेहमीसारखी कुरकुर करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

“आई, आज लॅबमध्ये कळलं मला. कॅन्सर होता.”

त्या पिशवीचा बंद उगाच सोडत-बांधत राहिल्या.

“मूल नाही म्हणून तू आधीच अर्धी झाली होतीस. त्यात हे कुठं सांगू? म्हटलं, चिडू दे माझ्यावर. चिडायला तरी उठशील.”

“अकरा वर्षं, आई?”

“चल, उशीर होतोय.”

दारात त्या चपलेचा पट्टा लावायला वाकल्या. गुडघ्यामुळे हात पोचेना. हे रोजचंच असणार, मी कधी बघितलंच नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि पट्टा लावला.