रेकॉर्ड चनबसप्पाची, प्लेअर माझा

आमच्या मैत्रीला चाळीस वर्षं एकच नियम होता: रेकॉर्ड चनबसप्पाची आणि प्लेअर माझा. तो सोलापुरात राहतो, मी होटगीत. त्याच्याकडं रेकॉर्ड होती पण वाजवायला काही नव्हतं. माझ्याकडं वाजवायला होतं पण ऐकण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळं दर रविवारी सकाळी नऊला तो मिलच्या टर्किश टॉवेलात रेकॉर्ड गुंडाळून स्कूटरवरून यायचा, आम्ही दोन्ही बाजू ऐकायचो, उप्पीट खायचो, भांडायचो आणि बाराच्या आत तो रेकॉर्ड घेऊन परत जायचा. एकदाही त्यानं ती माझ्याकडं ठेवली नाही. मीही कधी ठेव म्हटलं नाही, कारण ठेवली असती तर तो पुढच्या रविवारी कशाला आला असता?

रेकॉर्ड म्हणजे विलायती रॉकची. चौघे केसाळ गडी, तीन गिटारी आणि ढोल बडवणारा एक. एक्क्याऐंशी साली चनबसप्पानं ती मंगळवार बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगातून उचलली. कव्हरवर काळा घोडा आहे, म्हणून आम्ही तिला 'घोडा' म्हणतो. प्लेअर मी दोन वर्षांनी एका निवृत्त गार्डाकडून घेतला, तो बेंगळुरूला मुलाकडं निघाला होता. चनबसप्पा तेव्हा मिलमध्ये जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारा माणूस. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. सिग्नलच्या माणसाला थोडंसं चुकलेलं चालत नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असतो. बाळाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, ते पाठ झालंय.

तर गेल्या महिन्यात एका बुधवारी चनबसप्पाचा फोन आला. आवाजात लाडू फुटत होते.

"उदयसिंग, आमच्या पोरीनं, अपेक्षानं, पुण्यातनं प्लेअर पाठवलाय. नवा कोरा! आन् संगं नवा घोडा."

"नवा घोडा म्हंजे?"

"त्येच गाणी, पर रीमास्टर केल्याली. मूळ टेपवरनं पुन्ना बनवलीय म्हनं. लई जड रेकॉर्ड हाय, हातात घेतली की पाटा उचलल्यासारखं वाटतंय."

मी "बरं झालं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काही झालं नव्हतं. त्याच्याकडं आता रेकॉर्डही होती आणि प्लेअरही. नऊ वाजता स्कूटर काढायचं त्याला कारणच उरलं नव्हतं. सत्तरीला आलेल्या माणसाकडं रविवारी सकाळी कोण येतं? पेपरवाला येतो, तोही बिलासाठी. मी त्या दिवशी जेवलो नाही. बाळाबाईला सांगितलं पोट बिघडलंय.

रविवारी मीच एसटीनं सोलापूरला गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहुणा मी होतो. जातानाच ठरवून टाकलं होतं की हा नवा घोडा वाईट आहे. ऐकायचा राहिला होता, एवढंच. या रीमास्टर प्रकाराबद्दल मी वाचून ठेवलं होतं. जुन्या रेकॉर्डमध्ये हळू आवाज हळू असतो आणि मोठा मोठा असतो. हे लोक नव्यानं बनवताना सगळं ओढून एका उंचीला आणतात, म्हणजे गायक कुजबुजला तरी कानाशी ओरडल्यासारखं वाटतं. शिवाय टेपवरून बनवली म्हणतात आणि मधे कॉम्प्युटर घालतात. हे सगळे मुद्दे मी एका कागदावर लिहून खिशात ठेवले होते.

दानम्मावहिनींनी चहा दिला. चनबसप्पानं नव्या जावयासारखा तो प्लेअर मला दाखवला. सुई टेकली.

आणि मी खुर्चीत सरळ झालो, कारण काहीतरी खरंच चुकलं होतं. गाणं रेंगाळत होतं. ढोलवाला झोपेतून उठून आल्यासारखा वाजवत होता, आणि गायक, जो चाळीस वर्षं तरुण पोरगा होता, तो आता चांगला चाळिशीचा बाप्या वाटत होता. मला इतका आनंद झाला की मी कप खाली ठेवला.

"बघ! सांगत नव्हतो? मारला की त्येनी घोडा! जीवच काडून घेतलाय गाण्यातला."

"तसं वाटतंय व्हय?" चनबसप्पा म्हणाला. तो खिडकीतून समोरच्या गॅरेजकडं बघत होता.

"वाटतंय न्हाय, हायच. सूर उतरलाय, ठेका बसलाय. ह्येला रीमास्टर म्हनत्यात? मास्टरला निलंबित कराय पायजे."

मी कागद काढून सगळे मुद्दे वाचून दाखवले. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं संपताना गिटार थांबते, आणि त्या शांततेत मागे कुणीतरी हळूच हसतं. आमच्या घोड्यावर तिथं नुसती खरखर आहे. चाळीस वर्षं मी ते गाणं ऐकलं आणि तो माणूस हसला होता हे मला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला. गिटारच्या जाड तारेवर बोट घासलेलं ऐकू येत होतं, झांज वाजून हळूहळू विरत होती. हे सगळं मी गिळलं, कारण ते सांगितलं असतं तर चनबसप्पा जिंकला असता आणि माझा रविवार गेला असता.

"तू असं कर," मी निघताना म्हणालो. "फुडच्या रविवारी दोनी घोडे घिऊन माझ्याकडं ये. माझ्या प्लेअरवर लावू. दुधाचं दूध आन् पाण्याचं पाणी हुईल."

म्हणजे निदान एक रविवार तरी मिळाला.

पुढच्या रविवारी नऊला स्कूटर आली, मागे अपेक्षा. ती पुण्यात कुठल्यातरी कंपनीत आवाजाच्या यंत्रांचंच काम करते आणि सुट्टीला आली होती. "काका, तुमच्या कानाबद्दल फार ऐकलंय मी," ती म्हणाली. मी खूश झालो. इतका मूर्ख मी अलीकडं कधी झालो नव्हतो.

आधी जुना घोडा लावला. मस्त धावला, खरखरीसकट. मग मी नवा लावला आणि हाताची घडी घालून वाट बघत बसलो, आता रेंगाळेल, मग रेंगाळेल. पण तो रेंगाळलाच नाही. ठेका नेहमीचा, गायक पुन्हा पोरगा, आणि वर जाड तार, झांज, सगळं स्वच्छ. बाळाबाईसुद्धा स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "आज चांगलं लागतंय की वो."

माझी जरा पंचाईत झाली. पण मुद्दे बदलायला कितीसा वेळ लागतो!

"म्हंजे रेकॉर्ड चांगली हाय," मी म्हणालो. "खराब तुझा नवा प्लेअर हाय, चनबसप्पा! सावकाश फिरतोय. अपेक्षा, परत पाठव त्यो कंपनीला. बाबाला म्हनावं, ऐकायचं आसंल तर हितं येत जा."

शेवटचं वाक्य जरा घाईत निघालं. चनबसप्पा माझ्याकडं बघायला लागला.

अपेक्षानं काही वाद घातला नाही. तिनं खिशातून मोबाइल काढला, रेकॉर्ड उचलून बाजूला ठेवली आणि मोबाइल सरळ माझ्या प्लेअरच्या फिरत्या थाळीवर ठेवला. मी ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, "काका, हा फेऱ्या मोजतो. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश पाहिजेत. घरच्या प्लेअरवर काल मोजल्या, बरोबर आहेत."

"मग हितंबी बरूबर आसनार. सिग्नल खात्यातल्या मान्साचं यंत्र हाय हे."

"पस्तीस पॉइंट तीन," ती म्हणाली.

मी म्हणालो मोबाइल चिनी असेल. तिनं तीनदा मोजलं, तीनदा पस्तीस पॉइंट तीन. मग तिनं विचारून थाळी उचलली. खाली मोटरची पुली असते, पितळेची, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावरून रबराचा पट्टा जातो आणि थाळी फिरवतो. माझ्या पुलीवर पितळ दिसतच नव्हतं. तिच्यावर बारीक सूत गुंडाळलेलं होतं, शेजारी शेजारी, एक थर, वर खळ लावून कडक केलेलं. इतक्या वर्षांत काळं पडलं होतं.

"हे कुणी केलं?" अपेक्षानं विचारलं.

मी केलं होतं. त्र्याऐंशी साली प्लेअर आणला तेव्हाच त्याचा पट्टा सैल होता, घसरायचा. नवा पट्टा मिळेना. चनबसप्पा रेकॉर्ड ज्या टॉवेलात आणायचा त्याच्या दशीचं सूत निघालं होतं. ते मी पुलीला गुंडाळलं, घरातल्या साडीची खळ चोपडली, आणि पट्टा असा पकडला की मी स्वतःच्या हुशारीवर आठवडाभर खूश होतो. सुतानं पुली जाड झाली, जाड पुलीनं थाळी पळायला लागली, आणि रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या, थोडंसंही चुकलेलं न चालणाऱ्या माणसानं पुढची चाळीस वर्षं ते चौघे केसाळ पळवत ऐकले. गायक मुळात पोरगा नव्हताच. तो पहिल्यापासून बाप्या होता.

बाळाबाई पदर तोंडाला लावून आत गेली, पण आतून आवाज येतच होता. चनबसप्पा हसला नाही, हे मला जास्त लागलं. त्यानं दोन्ही घोडे टॉवेलात गुंडाळले, "येतो" म्हणाला आणि अपेक्षाला घेऊन गेला. उप्पीट तसंच राहिलं.

तो आठवडा माझा वाईट गेला. सोमवारी ब्लेडनं ते सूत काढून टाकलं. अपेक्षानं फोनवर पट्ट्याचं माप विचारून पुण्याहून नवा पट्टा कुरिअरनं पाठवला, तो शुक्रवारी बसवला. आता माझा प्लेअर बरोबर होता आणि त्याचाही बरोबर होता, म्हणजे त्यानं माझ्याकडं यायला चुकीचंसुद्धा कारण राहिलं नव्हतं. रविवारी सकाळी मी बाळाबाईला म्हणालो, "दोघांचंच कर."

"मी तिघांचं केलंय," ती म्हणाली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी स्कूटर आली. चनबसप्पा आत आला, टॉवेल कॉटवर ठेवला, थाळी उचलून खाली बघितलं.

"सूत काडलंस व्हय?"

"चूक व्हती, काडली," मी म्हणालो. मग इतके दिवस कागदावर जे मुद्दे लिहीत होतो त्यात नसलेला मुद्दा तोंडातून बाहेर पडला. "चनबसप्पा, तुझी नवी रेकॉर्ड चांगली हाय. लई चांगली हाय. तिसऱ्या गान्यात त्यो हासतो ते मी तुझ्याकडंच ऐकलं व्हतं, बोललो न्हाय. मला भ्या वाटलं. घरात समदं आल्यावर तू कशाला येशील माझ्याकडं?"

त्यानं टॉवेलाची गाठ सोडायला घेतली.

"उदयसिंग, तुझं यंत्र पळतंय हे मला पयल्याच रविवारी कळलं व्हतं. दोनशे माग नुसत्या कानानं चालीवर ठेवलेत मी. एक ठोका इकडचा तिकडं झाला तर मला झोप यायची न्हाय."

"चाळीस वर्सं! आन् बोलला न्हाईस?"

"बोलून काय? तू यंत्र खोलून बसला आसतास. पट्टा गावला नसता. तू रुसला आसतास ते येगळंच, तुझा रुसवा दोन म्हयनं चालतोय." त्यानं रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत धरली. "मग तवर रविवारी मी कुटं जायाचं?"

मला रडू आलं. आलं ते आलं, त्यात लपवायचं काय. बाळाबाईनं उप्पिटाच्या ताटल्या आणून ठेवल्या आणि आत गेली. चनबसप्पानं नवा घोडा लावला आणि पाय वर घेऊन बसला. पहिलं गाणं अर्धं झालं तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं.

"लई सावकाश वाटतंय रे आता."

"सावकाश न्हाय, बरूबर हाय!" मी ओरडलो. "आन् येवडी झांज पुडं आनायची काय गरज व्हती त्येंना?"

"झांज पुडंच पायजे," तो म्हणाला, आणि आम्ही बारापर्यंत भांडलो.