डाव्या हातातला उजेड

टॉर्चच्या तोंडावर रबरबँडने ताणून बसवलेला चॉकलेटचा लाल कागद एका बाजूने सुटत चालला होता, आणि तो नीट करावा म्हणता अंगठा भलतीकडेच जात होता... फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून म्हातारा झ्वाने डाव्या हाताला सगळं पहिल्यापासून शिकवत होता — चमचा, बटण, किल्ली — आणि हात एखाद्या मठ्ठ शिकाऊ उमेदवारासारखा पुन्हा तिथेच चुकत होता. उजवा हात कोटाच्या खिशात होता. म्हणजे ठेवलेला होता. आपणहून तो कुठेच जात नसे.

"दे इकडे," नेविया म्हणाली.

"राहू दे. जमतंय."

"दिसतंय जमतंय ते! उजाडेल अशाने, बाबा."

उद्या ती ट्रिएस्टला परत जाणार, आणि सोमवारी फाझाना गावचा माणूस येऊन विकत घेतलेली होडी नेणार. त्याआधी होडीचा एक फोटो हवा, असं तिने सकाळीच सांगितलं होतं. तो नाही म्हणाला होता. तोंड वाकडं झाल्यापासून तो आरशासमोरही उभा राहत नसे.

"तुझा कोण काढतोय? तू नुसता उजेड धरून चालायचंस. अंधारात शटर बराच वेळ उघडं ठेवीन, उजेड पडेल तेवढंच फोटोत येईल. काळा कोट घाल, चालत राहा — दिसणारच नाहीस."

दिसणारच नाहीस. हे वाक्य त्याने दिवसभर चघळलं. दुपारी मिनेस्त्राचं सूप पिताना, मग चर्चसमोरच्या बाकावर, जिथे शेजारचा उचो हल्ली त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलतो... बरंच की. गोदीत एकतीस वर्षं वेल्डिंग केलं तेही मुखवट्याआडूनच. कोणी पाहिलं तोंड? लोक जोड पाहायचे. मीसुद्धा दुसऱ्याच्या जोडावरून बोट फिरवायचो आणि मगच त्याचं नाव विचारायचो.

खट्. कॅमेऱ्याचं शटर उघडलं. "चल," अंधारातून नेविया म्हणाली आणि मोठ्याने आकडे मोजू लागली.

खडीवर ओढून ठेवलेल्या होडीच्या मागच्या टोकापासून तो निघाला. वीतभर फळी उजळायची, मागची विझायची. इथे रंगाचे पोपडे... इथे त्याची बायको फूमा हात टेकून बसायची, पाय पाण्यात, आणि म्हणायची, नवरा मिळाला तो लोखंडाचा... चोवीस, पंचवीस. नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, उजवं पाऊल खडीत रुतलं ते निघेना. त्याने खांदा फळीला टेकवला. उजेड परतून त्याच्याच कोटावर, गालावर पडत होता. बिघडवलंच सगळं! तेहेतीस, चौतीस... पाऊल सुटलं. चाळीस. खट्, शटर मिटलं.

कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर फळ्यांवरून गेलेला लाल पट्टा दिसला — थरथरलेला, कुठे जाड, कुठे तुटल्यासारखा. असला जोड त्याने उमेदवाराकडून घासून काढायला लावला असता. आणि नाळेपाशी एक माणूस होता. त्याच्यातून फळ्या दिसत होत्या. गुडघे वाकलेले, खांदा लाकडाला, मान उजेडाकडे झुकलेली.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? थांबलास, म्हणून आलास."

तोंड वाकडं असेलही. नीट दिसत नव्हतं. पण ते झुकणं... ते तर माझं. जोड लावताना मी असाच झुकतो. झुकायचो, म्हणायला हवं — पण मनाने 'झुकतो' म्हटलं होतं आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही.

"पुसून टाकू?" नेवियाने बाहीला नाक पुसलं. "मला विचारशील तर ठेवू या."

"ठेव. पण आणखी एक काढ. मधे फार घाई केली मी."

"घाई? अडकला होतास तू!"

"त्याच्या आधी गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती हसली, किती दिवसांनी, आणि कॅमेऱ्यामागे गेली. तो पाय ओढत होडीच्या मागच्या टोकाशी आला. पाणी खडीत शिरत होतं, निघून जात होतं. या खेपेला चालत राहायचं की नाळेपाशी थांबायचं, हे त्याने अजून ठरवलं नव्हतं.

"मोजू का?" तिने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला, आणि पाय घट्ट रोवून त्याने एक लांब श्वास घेतला.