तेलाची फडकी

देवकाबाईनं फडक्यांच्या गाठोड्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. वरची फडकी गार होती, आतली तव्यासारखी तापलेली.

"पुष्पे, हे आतून तपून राहिलं वो," ती शेजारी कपडे धुणाऱ्या पुष्पाबाईला म्हणाली.

"उनात ठेवलं असन."

"नाई. सावलीतच हाये."

शहापूरच्या ताराचंद मिस्त्रीच्या कारखान्यातली पुसणी फडकी ती बोडीवर, गावाजवळच्या लहानशा तळ्यावर, धुऊन परत द्यायची. नवरा कवडू अर्धांगवायूनं खाटेला खिळला, तेव्हापासून तीन वर्षं घर याच कामावर चाललं होतं. एकोणऐंशीच्या त्या उन्हाळ्यात मिस्त्रीनं खुर्च्यांना जवसाचं तेल लावायला नुकतीच सुरुवात केली होती.

गाठोड्यातून धुराची बारीक रेघ निघाली. देवकाबाईनं ते पायानं बोडीत ढकललं. तसल्याच फडक्यांचं पोतं घरी होतं. सकाळी तिनंच ते खाटेखाली सारलं होतं. बकऱ्या शिरतात म्हणून दाराला बाहेरून कडीही घातली होती.

ती धावत सुटली. बांधावर चप्पल तुटली, ती तिथंच राहिली. वाटेत कुणी हाक मारली, तिला ऐकू आलं नाही. लांबूनच तिनं घराच्या छपरावरच्या कवेलूंकडे पाहिलं. फटींतून धूर निघत होता.

तिनं कडी ओढून काढली. दार उघडलं तर धुरानं आत काहीच दिसेना. चाचपून पाहिलं, खाट रिकामी होती.

"अवो," ती कशीबशी म्हणाली. "कुठी हा तुमी?"

कोपऱ्यातून खोकला आला. धूर जरा विरला तेव्हा दिसलं, कवडू भिंतीला टेकून काळ्या पाण्यात बसला होता. कोपरं सोलवटली होती. पोतं भिजून पडलं होतं, आणि भोवती खापऱ्या.

"खांद्यानं लोटला," तो म्हणाला. "रांजण फुटला."

ती त्याच्याजवळ त्याच पाण्यात बसली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "जवसाच्या तेलाचे फडके कोंबून ठेवले का आपोआप पेटते. तुले सांगाचं राहूनच गेलं, बाई."

काम सोडणं परवडणारं नव्हतं. सोमवारी तिनं शेजारची हातगाडी मागून आणली, कवडूला तीत बसवलं आणि बोडीवर नेलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला तो पळसाच्या सावलीत बसून पाण्याकडे पाहत होता. देवकाबाई एकेक फडकं धूत होती आणि दर फडक्याला मान वर करून तो तिथं आहे ना, ते पाहत होती.