गेटवर घेतलेली नावं

हौसेरावांनी उभा जन्म तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहिल्या, पण आवाज कधी खाली येऊ दिला नाही. माथाडींची गेटसभा असली, की टोळीतल्या एकेकाचं नाव ते खणखणीत पुकारायचे. नाव निघालेला गडी पुढे येऊन उभा राही. मग त्याला मागे सरकायची सोय नसे. साताऱ्याहून आलेल्या हमालाला एवढा मान दुसरं कोण देणार होतं?

त्यांची नात मनस्वी एमआयडीसीतल्या एका गोदामात ऑनलाइन मागवलेला माल पॅक करते. दिवसभर उभं राहायचं, लघवीला गेलं तरी बोलणी खायची. शेवटी पोरींनी एक दिवस काम बंद करायचं ठरवलं. बैठका हौसेरावांच्याच खोलीत झाल्या, त्यामुळे सगळ्या त्यांना नावानिशी ठाऊक. पण यांना ना झेंडा, ना पुढारी. तोंडाला ओढण्या बांधून गेटसमोर मुकाट बसायचं, एवढंच. हौसेराव आप्पांना हे चोरून लढल्यासारखं वाटलं. मनस्वीने त्यांना बजावलं होतं, तुम्ही येऊ नका, कंपनी कोण कोण आहे ते शोधतेय.

पण गेटवर आंदोलन आणि हौसेराव घरात? दुपारी स्वारी हजर. पोरी माना खाली घालून बसलेल्या आणि सुपरवायझर हसत हसत मोबाइलवर शूटिंग करतोय. म्हाताऱ्याचं डोकंच फिरलं. डोळ्यांवरून ओळखून त्यांनी एकेकीकडे बोट केलं आणि पुकारलं, जागृती, उज्ज्वला, प्रिया. आणि छाती फुगवून, ही माझी नात मनस्वी. कुणीच उठलं नाही. जागृतीने ओढणी आणखी वर ओढली.

दुसऱ्या दिवशी त्या चौघींची कार्डं गेटवर चालेनात. बाकीच्या कामावर गेल्या.

मनस्वी संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून बसली होती. ती भांडली असती तर आप्पांना सोपं गेलं असतं.

"आमच्या टायमाला एकाला काढला, की आख्खी टोळी भाईर यायची," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमचंबी तसंच आसंल."

"बाकीच्या येणार नाहीत हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, आप्पा. म्हणून तर तोंडं बांधली."

आप्पांना शरम वाटली, आणि या पोरी किती एकट्या आहेत याची भीतीही.

तेवढ्यात दारात जागृती आली. आप्पा लगबगीने उठले, आत ये म्हणाले. ती उंबऱ्यावरच थांबली.

"मनू, खाली चल. इथे नको बोलायला."

मनस्वीने चपला घातल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.