राहिलेली चाळीस पानं

“काका, कानातले बोळे काढा बघू,” मॅनेजर म्हणाला. “लोक हाका मारतात, तुम्ही आपले ढिम्म.”

“सर्दी झालीय साहेब.”

“सहा दिवस?”

टॉर्चवाल्याने कापूस काढून खिशात टाकला. पडदा दिसू नये म्हणून तो दाराजवळच्या खांबाआड उभा राही. आवाज मात्र खांबाला जुमानत नव्हता. दिवसाला चार खेळ. शेवटी दार उघडायला आत थांबावंच लागे, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

हा सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला होता, ती तो बायकोला वाचून दाखवत असे. तिची दृष्टी गेल्यापासून रोज दहा पानं. ड्रॅगनचा आवाज तो घसा खरवडून काढी.

“अहो, हा ड्रॅगन आहे की आपला पाण्याचा पंप?” ती हसायची.

तिचा जीव होता त्यातल्या म्हाताऱ्या नावाडिणीवर. ती घरी पोचते का, एवढंच तिला हवं होतं. चाळीस पानं राहिली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

“मला सोडून पुढे वाचायचं नाही हं,” जाताना ती म्हणाली. ती परत आली नाही. तिची केसांची पिन अजून त्याच पानात आहे.

सहाच्या खेळाला बोळे नव्हते. तो मनात आकडे मोजत राहिला, पण कानावर यायचं ते आलंच. नावाडीण घरी पोचली, वाजतगाजत पोचली. बायकोच्या आधी आपल्याला कळलं.

दिवे लागले. त्याने दार उघडलं. एक बाई नवऱ्याशी तावातावाने बोलत आली.

“पुस्तकात ती नावाडीण म्हातारी आहे. यांनी वीस वर्षांची पोरगी केली. आणि शेवट तर पार बदललाय.”

“मग तीन तास गप्प कशी बसलीस?”

“तोंडात पॉपकॉर्न होते म्हणून.”

“ताई,” टॉर्चवाला मध्येच म्हणाला, “शेवट खरंच वेगळा आहे?”

“अगदीच. पुस्तकात ती...”

“नको, सांगू नका.” त्याने टॉर्चसकट हात वर केला.

“वाचताय का तुम्ही?”

“चाळीस पानं राहिलीत.”

“मग आज संपवून टाका की.”

“आज नाही जमायचं,” तो म्हणाला.

गर्दी ओसरली. खुर्च्यांखालचे कागद उचलून झाले. पुढच्या खेळाची घंटा झाली, तसा तो पुन्हा खांबाआड गेला. खिशातला कापूस चाचपला आणि तसाच राहू दिला.

पडद्यावर ड्रॅगन गुरगुरला. पंपासारखा मुळीच वाटत नव्हता.